तोंडावर बोलून येतो

कानावरचे हेडफोन दोन्ही हातांनी उचलायचे, माईकच्या दांडीला अडकवायचे आणि म्हणायचं, "थांबा दादा, तोंडावर बोलून येतो." एवढं म्हणून तो चालता व्हायचा. मी काचेच्या अलीकडे माऊसवर बोट ठेवून बसलेला असायचो आणि बीट चालूच असायचं. बाहेर मोटारसायकलला किका मारल्याचा आवाज यायचा, मग गाडी सुरू झाल्याचा, मग ती लांब गेल्याचा. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग तिथं संपायचं.

हिंगोलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे शटरचा एक गाळा, मधे काच लावून त्याचे दोन भाग केलेले. आतल्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. शेजारी पिठाची गिरणी आहे. गिरणी सुरू असली की माईक बंद ठेवावा लागतो, आणि माईक सुरू असला की पंखा, कारण पंख्याची घरघर आवाजात उतरते. इथं मी रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती करतो, लग्नातली गाणी करतो, आणि निवडणूक आली की दोन्ही पार्ट्यांचा प्रचार एकाच माईकवर, वेगवेगळ्या दिवशी करतो. लोक येतात, वाचतात, घाम पुसतात, जातात. त्यांचं काम सरळ असतं. याचं काम एकदाही सरळ झालं नाही.

तो मोटार वायंडिंगच्या दुकानात कामाला होता. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की त्यांत तांब्याची तार नव्यानं भरायची, हे त्याचं काम. तार भरताना वेढे मोजावे लागतात, आणि मोजता मोजता त्याच्या तोंडात शब्द यायचे. बाकीचे रॅपवाले माझ्याकडून आधी बीट घेतात आणि मग त्यावर लिहितात. हा गाणं तोंडात तयार करूनच यायचा आणि माझ्या टेबलावर बोटं आपटत म्हणायचा, "या चालीवर बसवा." मी बीट बसवायचो. मग तो सगळं गाणं एकदा कच्चं म्हणून द्यायचा, कुठं काय येतं ते मला कळावं म्हणून. खरं काम त्यानंतरचं. ओळ ओळ तोडून म्हणायची, चुकली तर तेवढीच पुन्हा घ्यायची, आणि चांगली आली की तीच ओळ परत एकदा म्हणून पहिल्या आवाजावर चढवायची, म्हणजे आवाज भरदार होतो. हे सगळं त्याला झकास जमायचं. मी एवढी वर्षं लोकांचे आवाज सुधारत बसलो आहे, याच्या आवाजाला कधी हात लावावा लागला नाही.

अडचण होती ती त्याच्या नियमाची. ही रॅपवाली पोरं तुम्हीही मोबाइलवर पाहिली असतील. ज्याला शिव्या घालायच्या त्याला बंद खोलीत घालतात, गाणं सोडून देतात, आणि मग त्या माणसाच्या गल्लीतून महिनाभर फिरकत नाहीत. जगाची रीत ही अशी आहे आणि मला ती सोयीची वाटते. याची रीत उलटी. ज्याच्यावर ओळ केली, त्याच्यासमोर उभं राहून ती आधी त्याला ऐकवायची, आणि मगच माईकवर म्हणायची. बरं, हे त्यानं घरून निघताना करून यावं की नाही? नाही. गिरणीवाल्याच्या हातापाया पडून मी त्याची गिरणी थांबवली, पंखा बंद केला, हेडफोन चढले, बीट सुरू झालं, की याला आठवायचं.

वारंगा फाट्यावरच्या एका ढाब्याची गोष्ट सांगतो. ओळ अशी होती:

फाट्यावरच्या ढाब्यावर भाजी शोधा ताटात,
एक फोड बटाट्याची, चार बोटं पाण्यात.

साधी ओळ. ढाब्याचं नाव नाही, मालकाचं नाव नाही, आणि फाट्यावर ढाबे तर पैशाला पासरी. मी म्हणालो, "अरे, कुठला ढाबा हे कुणाला कळणार आहे?"

"मला कळते न्हवं," तो म्हणाला, आणि हेडफोन दांडीला अडकवले.

दुसऱ्या दिवशी आला तो खुशीत. मी विचारलं, "काय म्हणाला ढाबेवाला?"

"जेवू घातलं."

"आणि?"

"म्हनला, चार बोटं लई होतात, दोन कर. मंग मी वाटीत बोटं आडवी धरून पाह्यली. दोनच भरली दादा. त्याचं बराबर हाय."

आता चारची दोन केली तर ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? पण मी आदल्या दिवशी घरी न जाता त्या 'चार'वर स्टीलच्या ताटाचे चार ठोके बसवले होते. ठण, ठण, ठण, ठण. मोठ्या हौसेनं बसवले होते. त्यातले दोन काढले तर पुढची ओळ लंगडायला लागली. मग सगळा तालच पुन्हा बांधला. तो शेजारी बसून पाहत होता आणि मधून मधून म्हणत होता, "खोटं कसं ठेवायचं दादा, पोट भरून जेवलो त्याच्याकडं."

ढाबेवाला भला माणूस होता. सगळे तसे नसतात. एका रस्त्याच्या गुत्तेदारावर, म्हणजे कंत्राटदारावर, त्यानं ओळ केली, की याचं डांबर पहिल्या पावसाला पोहायला जातं. ती ऐकवायला गेला आणि परत आला तो डावा गाल सुजवून. मी कपाळाला हात लावला. हा मात्र हसत होता.

"बराबर लागली दादा."

"चापट?"

"ओळ. चापट मागून बसली. ओळ लागल्याबिगर चापट कशाला मारल?"

त्या सुजलेल्या गालानं त्याला 'प' आणि 'ब' म्हणता येईनात. 'डांबर'चं 'डांवर' व्हायचं. गाल उतरेपर्यंत आमचं काम थांबलं. तेवढ्या दिवसांत मी एका कापड दुकानाची जाहिरात, दोन लग्नं आणि एका पतसंस्थेचं गाणं उरकलं.

एकदा एका ओळीतला माणूस नांदेडला राहायला गेलेला निघाला. मला वाटलं, चला, सुटलो. मी म्हणालो, "व्हिडिओ कॉल लाव. तोंड दिसतं, तोंडावर बोलणं होतं."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "तोंड दिसते, पन त्याचा हात पोचत न्हाई."

"म्हणजे?"

"आपन बोलायचं तर त्याला मारायची सोय पाहिजे दादा. हात पोचंल इतक्या दूर उभं राह्यचं. न्हाईतर त्याच्यावर जुलूम होते."

असल्या माणसाशी वाद कसा घालणार, तुम्हीच सांगा. ती ओळ त्यानं गाण्यातून काढूनच टाकली. छान ओळ होती, मला अजून पाठ आहे. पण मीही ती इथं लिहीत नाही. त्याच्या संगतीत माणूस बिघडतो तो असा.

हे खूळ त्याच्या डोक्यात आलं कुठून, हे मी एकदा चहा पिताना विचारलं. तो सेनगावकडच्या साखऱ्याचा. त्याचे वडील चौदा एप्रिलच्या जयंतीला गावोगाव गाणाऱ्या गायन पार्टीचे मुख्य गायक होते. दोन पार्ट्यांचा मुकाबला असायचा. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि दोन्ही पार्ट्या एकाच स्टेजवर समोरासमोर बसायच्या. सवाल टाकताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं, हा कायदा. एकदा सिद्धेश्वर गावी मुकाबला होता. समोरची पार्टी चहाला उठली असताना वडिलांच्या ढोलकीवाल्यानं त्यांच्यावर एक कडवं म्हटलं, आणि लोक हसले. वडिलांनी गाणं थांबवलं, समोरच्यांना बोलावून आणलं आणि ढोलकीवाल्याला ते कडवं पुन्हा म्हणायला लावलं.

"बा म्हनायचा," तो म्हणाला, "माघारी बोललं ते गानं न्हाई, चुगली हाय."

मी म्हटलं, छान. पण तुझ्या बापाच्या स्टेजवर माणसं समोर आयती बसलेली होती. तुझी माणसं जिल्हाभर पसरली आहेत आणि मी इथं पंखा बंद करून बसलो आहे. तो म्हणाला, "चहा गार होऊन राह्यला दादा."

आता ज्या गाण्यासाठी हे लिहायला घेतलं, त्याकडे येतो. माझ्या स्टुडिओतून आजवर दुसऱ्यांचीच गाणी बाहेर पडली होती. माझ्या मनात होतं, एक गाणं असं करावं की जे कुणी करायला सांगितलेलं नाही, आणि ते येत्या जयंतीला डीजेवर वाजावं. बीट मी त्यानं दिलेल्या चालीवर महिनाभर बसून केलं. त्यात ढोलकी होती, खाली जाड बेस होता, आणि त्याच्या वायंडिंगच्या यंत्राचा करकर आवाजही मी दुकानात जाऊन टिपून आणून घातला होता. त्याची कडवी तीन. पहिलं कडवं गावावर, दुसरं मोटारी जाळणाऱ्या लायटीवर. ती दोन्ही एका दुपारी झाली, इतकी नीट की मला भीतीच वाटली. तिसऱ्याला त्यानं हेडफोन काढले. या वेळी "तोंडावर बोलून येतो" म्हणाला नाही. म्हणाला, "हे मंग करू."

तिसरं कडवं मला माहीत होतं, कारण कच्चं म्हणताना त्यानं ते म्हटलं होतं. त्याच्या ताईवर होतं. ताई त्याच्याहून मोठी, वर्गात हुशार, आणि दहावी झाल्यावर वडिलांनी तिचं लग्न लावून दिलं. कडव्यातल्या चार ओळी अशा:

स्टेजवर बापानं गायलं, पोरी शिकवा, शिकवा,
घरी येऊन म्हनला, हिला स्थळ एक दाखवा.
ताईच्या दप्तरात आता कांद्याचं बी पडून हाय,
बा, तुझ्या गान्यातली ती पोरगी कोन हाय?

ऐकून मी बीट बंद केलं होतं.

मग सुरू झाली टाळाटाळ. आज घसा बसलाय. आज दुकानात मोटारींची रांग लागलीय. आज अमावस्या आहे, असंही एकदा म्हणाला, आणि हा माणूस अमावस्या पौर्णिमा काही मानत नव्हता. पुढं पुढं तर तो येऊन नुसता बसायचा, पहिली दोन कडवी ऐकायचा, मान हलवायचा आणि जायचा. जयंती जवळ आली. डीजेवाले फोन करायला लागले. शेवटी माझं डोकं फिरलं.

"ढाब्यावर गेलास," मी म्हणालो. "गुत्तेदाराची चापट खाऊन आलास. मग साखऱ्याला जायला तुला काय झालं?"

तो हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसला होता. वेढे मोजत असावा. म्हणाला, "गुत्तेदार मारल हे मला माहीत व्हतं. बा न्हाई मारनार दादा. नुस्ता बसून राह्यला तर मी काय करू?"

माझ्या अंगात राग होता, आणि गाडीत पेट्रोल होतं. मी शटर ओढलं, त्याला स्कूटरवर मागं बसवलं आणि साखऱ्याची वाट धरली. सेनगाव मागं पडेपर्यंत तो माझ्या पाठीमागे पुटपुटत होता, कडवं म्हणून पाहत होता. नंतर मी आरशात पाहिलं तर डोळे मिटून बसला होता.

वडील ओसरीत तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, खराटा बांधत बसले होते. अंगानं सुकलेला माणूस, पण "या, बसा" म्हणाले तेव्हा आवाज असा निघाला की माझा हात आपोआप बटणं शोधायला लागला. घरात दुसरं कुणी नव्हतं. पाणी झालं. मग हा उठला, वडिलांच्या समोर जाऊन उभा राहिला, हात पोचेल इतक्या अंतरावर, आणि बीटशिवाय, टेबलावर बोटं न आपटता, सगळं कडवं म्हणाला. शेवटची ओळ म्हणताना डोळ्यांत पाहिलं.

म्हातारबाबांनी खराट्याची गाठ आवळली. तुऱ्हाट्यांची टोकं जमिनीवर ठोकून सारखी केली. मला वाटलं, झालं, नुसते बसून राहणार. पण ते बोलले.

"झालं?"

"व्हय."

"माझ्यावर बोललास, मी ऐकलं. आता मला सांग, तिचं दप्तर तू माईकवर उघडून राह्यलास. हे तिच्या तोंडावर बोललास का?"

आमचा गडी उभ्या उभ्या विझला. ढाबेवाल्याच्या वाटीत बोटं बुडवून पाहणारा हा माणूस, ज्याच्या पायी मी जिल्ह्यातला प्रत्येक रुसवा नकाशावर दाखवू शकतो, आणि यानं आपल्या सख्ख्या बहिणीला विचारलेलं नव्हतं. ओळ बापावर आहे एवढंच त्याच्या डोक्यात होतं. ती ओळ ताईचीही आहे हे त्याच्या ध्यानात आलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते माझ्याही आलं नव्हतं.

परतताना माझा संताप वेगळाच होता. म्हातारा मुरलेला मुकाबलेवाला. पोरानं टाकलेल्या सवालाचा जवाब दिलाच नाही, त्याच्या अंगावर दुसरा सवाल टाकला आणि डाव जिंकला. मी हे त्याला म्हणालो. तो मागून म्हणाला, "सवाल बराबर व्हता दादा."

दुसऱ्या दिवशी आम्ही वारंगा फाट्याला. तिथं ताईचं शिवणकामाचं दुकान होतं. ती ब्लाउजची बाही शिवत होती. भावाला पाहून हसली, त्याच्या हातात कापडाचं टोक दिलं आणि म्हणाली, "धर ताणून." तो कापड धरून उभा राहिला आणि तसंच त्यानं कडवं म्हटलं. मशीनवरचे तिचे पाय थांबले नाहीत. शिवण संपली, तिनं दातानं दोरा तोडला.

"चांगलं केलंस. पन काढ ते."

"काहून?"

"तो सवाल माझा हाय. तू काहून इचारून राह्यलास?"

"मंग तू इचार."

"इचारीन. माझ्या येळंला इचारीन. तुझी जयंती आली म्हनून न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, तुमी चहा घेता का?"

स्टुडिओत आल्यावर मी म्हणालो, ठीक आहे, तिसरं कडवं काढू आणि गाणं दोन कडव्यांचं करू. तो नाही म्हणाला. तिसऱ्या कडव्याची जागा आहे तशी ठेवायची, आणि तिथं काही म्हणायचं नाही. मी त्याला समजावलं की नुसत्या बीटवर गाणं उघडं पडतं, लोकांना वाटतं मशीन बिघडलं. म्हणालो, ध्रुपद परत घेऊ, बासरी टाकू, टाळ्या टाकू. तो म्हणाला, "जागा ताईची हाय. त्याच्यावर काही ठेवू नका." एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तशी त्यानं माझ्या गाण्यात जागा धरली. मी भांडलो, चिडलो, शेवटी हात टेकले.

जयंतीला गाणं वाजलं. दोन कडव्यांपर्यंत पोरं नाचली आणि तिसऱ्याला थांबून डीजेकडे पाहायला लागली. डीजेवाल्यानं भर गर्दीतून मला फोन करून जे ऐकवलं ते मी लिहू शकत नाही. ऐकवलं ते मात्र फोनवरून, हात पोचत नव्हता म्हणून. त्यानंतरही महिनोन्महिने फोन येत राहिले. दादा, तुमचं गाणं मधेच बंद पडतं. दादा, आमच्याकडं अर्धंच आलं. एकानं तर मला शब्द पाठवले, तेवढ्या जागेत बसतील म्हणून. प्रत्येकाला मी तेच सांगायचो, ते तसंच आहे. का आहे, हे विचारलं की चिडायचो.

आणि ज्यानं हे करून ठेवलं तो हिंगोलीत नव्हता. मृगाच्या आधी त्याला पुण्याकडे, मोठ्या मोटारी भरण्याच्या कारखान्यात काम लागलं. निघताना स्टुडिओत आला, पंखा बंद केला, थोडा वेळ त्या उकाड्यात उभा राहिला आणि पुन्हा पंखा लावून गेला. मला वाटलं, चला, आता कामं सरळ होतील. झालीही. जाहिरातवाले येतात, वाचतात, जातात. कुणी मधेच हेडफोन काढत नाही. दुपारी तीनपर्यंत सगळं उरकतं आणि मग मला काही सुचत नाही. त्याची आठवण येते, हे सरळच सांगतो.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी लाईट गेलेली होती. गिरणी बंद, मी इन्व्हर्टरवर एक जाहिरात संपवत होतो. तोंडाला स्कार्फ बांधलेली एक बाई दारात आली. स्कार्फ सोडला तर ताई.

"दादा, माझी जागा हाय का अजून?"

"आहे," मी म्हणालो. "सगळ्या जिल्ह्याच्या शिव्या खाऊन ठेवली आहे."

"काल साखऱ्याला गेलते," ती म्हणाली. "बाला इचारून आले. समोर बसून इचारलं."

"काय म्हणाले?"

तिनं स्कार्फची घडी घातली. "पयले मलाच इचारलं, आज कशी आलीस. मी म्हनलं, बा, मला उलटा सवाल करू नको. तुझ्या गान्यातली ती पोरगी कोन हाय, एवढं सांग. मंग म्हनला, तूच व्हतीस. प्रत्येक गावात गाताना तूच डोळ्यापुढं व्हतीस. आन् घरी आलो की हिंमत व्हत नव्हती."

"मग?"

"मंग म्या चहा ठेवला. दोघांनी बी बसून पेला."

मी आत जाऊन माईक तिच्या उंचीला आणला. हेडफोन कसे लावायचे ते दाखवलं. एक शंका होती ती विचारली, की जवाब मिळाला आहे, तर आता सवाल गाण्यात कशाला? ती म्हणाली, "जवाब मला भेटला. गानं बाकीच्यायसाठी हाय. त्यायचे बी बाप हायेत न्हवं."

मी तिला सांगितलं की ओळ ओळ तोडून घेऊ, चुकलं तरी चिंता नाही. ती म्हणाली, "एकदाच म्हनते." आणि म्हणाली. 'ताईच्या दप्तरात'च्या जागी 'माझ्या दप्तरात' म्हणाली. बीटच्या किंचित मागं राहिली, शिवणयंत्राच्या चालीनं, आणि ते असं बसलं की मी काचेअलीकडे उभाच राहिलो. आणि शेवटच्या ओळीला लाईट आली. शेजारची गिरणी घरघरत सुरू झाली, ती थेट माईकमधे. 'ती पोरगी कोन हाय'च्या खाली ज्वारी दळल्याचा आवाज. मी काच ठोठावली, खुणेनं सांगितलं, आणखी एकदा. तिनं दोन्ही हातांनी हेडफोन उचलले आणि माईकच्या दांडीला अडकवले. घराण्याचीच सवय ती.

"झालं दादा. दुसऱ्यांदा येनार न्हाई ते."

गिरणीचा आवाज काढायला मी किती डोकेफोड केली, तो निघत नाही. निघाला तर तिचा आवाजही थोडा निघतो. म्हणून राहू दिला आहे. गाणं आता पूर्ण आहे, पण मी ते अजून सोडलेलं नाही, कारण जाताना ताई दारातून म्हणाली, "त्याला मोबाइलवर पाठवू नका. समोर बसवून ऐकवा. म्या इचारलं का न्हाई, त्यानं तोंडावर ऐकावं." आता काय करणार? मी त्याला फोन करतो, म्हणतो ये. तो म्हणतो, सुट्टी न्हाई दादा, जयंतीला येतो. काय काम हाय ते फोनवर सांगा. मी म्हणतो, फोनवर सांगत नाही. तिकडून हसण्याचा आवाज येतो. मी फोन ठेवून देतो.

हे सगळं लिहून झाल्यावर मी वारंग्याला जाऊन ताईला वाचून दाखवलं. तिनं दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. साखऱ्याला जाऊन म्हातारबाबांनाही वाचून दाखवलं, डाव जिंकल्याचं सुद्धा, आणि त्यांच्या ओसरीत, त्यांचा हात पोचेल असा बसून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "खराटा बांधत व्हतो हे बराबर हाय." आणि जेवल्याशिवाय उठू दिलं नाही.

राहिला तो एकटाच. त्याचं नाव मी कुठंच लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हे त्याच्या माघारी लिहिलं आहे, आणि त्याच्या कायद्यानं ही अजून चुगलीच आहे. जयंतीला तो आला की आधी ताईचं कडवं ऐकवीन, मग हे वाचून दाखवीन. आतल्या खोलीत त्याच्यासाठी एक स्टूल आणि त्याच्या समोर माझी खुर्ची मांडून ठेवली आहे. अंतर मी हातानं मोजलं आहे. त्याचं ऐकून झालं, की नाव घालू.